माजी सैनिकांच्या झोपेचा उपचार बेळगावातच मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागात माजी सैनिकांचे मेळावे होतात तेव्हा सोबत आरोग्य शिबिर ठरलेले असते. साखर, रक्तदाब, डोळे, फार तर गुडघे तपासतात. रात्री झोप किती लागते, हे कुणी विचारत नाही. विचारलेच तर "फौजेतली सवय हाय, आता काय जाणार?" एवढ्यावर विषय मिटतो. घरची माणसेही रात्रीचे ओरडणे, दचकून उठणे, अंगणात फेऱ्या मारणे हा 'त्यांचा स्वभाव' म्हणून सोडून देतात. श्रीलंकेतली शांतिसेना १९८७ ते १९९० ची, कारगिल १९९९ चे, त्यानंतर काश्मीरमधल्या राष्ट्रीय रायफल्सच्या नेमणुका. इतक्या वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर आता काय उपचार होणार, असे वाटणे साहजिक आहे.

उपचार होतो, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. चौकीवर सावध झोप जीव वाचवते, म्हणून शरीर ती शिकते. पण वीस-तीस वर्षांनीही झोप बिघडते ती बरीचशी आजच्या कारणांनी: रात्रीची भरपाई म्हणून दुपारी दोन तास आडवे होणे, झोप येत नसताना नऊलाच अंथरुणावर पडणे, घड्याळ बघत राहणे, 'झोपेपुरता' एक पेग, रात्री दोनदा कड्या तपासणे. झोपेचे संशोधक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये नेमका हाच फरक मांडला. निद्रानाश सुरू करणारे कारण एक आणि तो टिकवून ठेवणारी कारणे वेगळी. जुनी आठवण पुसता येत नाही, टिकवणारी कारणे मात्र आठवड्याभरात बदलायला घेता येतात. उलट बाजूही लक्षात ठेवावी: युद्धाघातावरचा (लढाईतल्या अनुभवांनी मनावर बसलेल्या आघाताच्या आजारावरचा, म्हणजे पीटीएसडीवरचा) उपचार नीट पूर्ण झालेल्या अनेकांची झोप तरीही सुधारत नाही. म्हणून 'मन बरे झाले की झोप आपोआप येईल' असे म्हणत थांबू नये, झोपेवर वेगळा उपचार करावा.

या उपचाराला डॉक्टर मंडळी 'सीबीटी-आय' म्हणतात, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा उपचार. गोळीच्या आधी हाच द्यावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले आणि युरोपातली मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. आपल्याकडे मात्र रुग्णाच्या हातात पडते ती 'चहा कमी करा, मोबाईल बघू नका, पाय धुऊन झोपा' एवढी चिठ्ठी. ती चुकीची नाही, पण निव्वळ तेवढ्याने जुना निद्रानाश बरा होत नाही. खरे काम वहीने आणि अंथरुणावरचा वेळ आखून होते.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे, सकाळी डोके जड आणि दिवसा पेंग असे असेल तर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा विकार) असू शकतो. त्याची तपासणी आधी, कारण श्वास अडकण्यानेही जाग येते आणि स्वप्ने बिघडतात. दुसरे, पन्नाशीनंतर झोपेतच हातपाय झाडणे, ठोसे मारणे, खाली पडणे नव्याने सुरू झाले असेल, तर 'लढाईची स्वप्ने पडतात' म्हणून गप्प बसू नये. हा झोपेचा वेगळा विकार असू शकतो आणि कधी कधी तो कंपवाताच्या बरीच वर्षे आधी दिसतो. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे.

आता वही. साधी शंभर पानी चालते. चौदा दिवस रोज सकाळी चहा झाल्यावर लिहायचे: अंथरुणावर कधी पडलो, झोप लागायला अंदाजे किती मिनिटे लागली, किती वेळा जाग आली आणि मिळून किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी, उठलो कधी. शेवटच्या रकान्यात दुपारची डुलकी, दारू, गोळी, वाईट स्वप्न. रात्री घड्याळ बघून लिहायचे नाही. आकडा चुकला तरी चालेल, बघण्याची सवय चालणार नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे.

समजा, एखादे सुभेदारसाहेब साडेनऊला पडतात आणि साडेपाचला उठतात. अंथरुणावर आठ तास, झोप सरासरी पाच तास. म्हणजे शंभरातले बासष्ट-त्रेसष्टच उपयोगी, उरलेले तळमळण्यात. उपचारात अंथरुणावरचा वेळ झोपेइतका आखडतात. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वापरतात त्या पद्धतीत सरासरी झोपेवर अर्धा तास वाढवून देतात, आणि पाच तासांच्या खाली कुणालाच आणत नाहीत. इथे साडेपाच तास झाले. उठण्याची वेळ पक्की धरायची, पाच वाजता. तिथून मागे मोजले की अंथरुणाची वेळ रात्री साडेअकरा. त्याआधी पडायचे नाही, रविवार असो की जत्रा, पाचनंतर लोळायचे नाही, दुपारी झोपायचे नाही. आठवड्याने पुन्हा हिशेब. साडेपाच तासांपैकी चार तास पन्नास मिनिटे झोप लागली तर प्रमाण सुमारे ८८ टक्के. ८५ च्या वर गेले की पंधरा मिनिटे वाढवायची, म्हणजे आता सव्वाअकरा. ८० ते ८५ मध्ये असेल तर तसेच ठेवायचे, ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटे कमी, पण पाच तासांची मर्यादा सांभाळून. असे सहा ते आठ आठवडे चालते.

पहिल्या आठवड्यात माणूस जास्तच थकतो, आणि नेमका तिथेच बहुतेकांचा उपचार सुटतो, कारण हे आधी सांगितलेले नसते. साठलेल्या थकव्यामुळेच पुढे झोप एकसंध लागते. या दिवसांत दुचाकी लांबवर नेऊ नये, ट्रॅक्टर आणि कडबाकुट्टीपासून लांब राहावे. ट्रक किंवा बस चालवणाऱ्यांना ही कडक पद्धत देऊच नये. त्यांचा वेळ हळूहळू, आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे करत आखडावा. फिट्स येणाऱ्यांना आणि ज्यांना पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे त्यांना तर जागवणे धोक्याचे. तिथे मानसोपचारतज्ज्ञाशिवाय पाऊल टाकू नये.

गावात नऊला सामसूम झाल्यावर साडेअकरापर्यंत जागायचे कसे, हा प्रश्न परदेशी पुस्तकांत नसतो. सोप्यावर खुर्चीत बसावे, जमिनीवर वाकळ टाकून नाही. मंद दिवा, आणि हाताला काम: शेंगा सोलणे, दोर वळणे, हरिपाठ वाचणे. टीव्हीवरच्या सीमेवरच्या बातम्या आणि मोबाईलवरचे चकमकींचे व्हिडिओ या वेळी नकोत.

दुसरा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला: अंथरूण फक्त झोपेसाठी. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठायचे, खुर्चीत जाऊन बसायचे, पेंग आली की परत यायचे, गरज पडल्यास पाच वेळा. 'आमच्यात वेगळी बेडरूम कुठली?' ही अडचण खरी आहे, पण उपाय सोपा आहे. खोली एकच असली तरी अंथरूण वेगळे करता येते. ते दिवसभर गुंडाळून ठेवा, त्यावर बसून जेवण, पेपर, फोन काही नको, आणि झोपेच्या वेळीच पसरा. पलंग असलेल्यांपेक्षा हे जमिनीवर झोपणाऱ्यांना जास्त सहज जमते.

फौजींची खास अडचण पुढे आहे. रात्री उठायला सांगितले की ते खुर्चीत बसत नाहीत, बॅटरी घेऊन गोठा, फाटक, मोटार बघून येतात. ही गस्त झाली, आणि प्रत्येक गस्तीनंतर शरीर आणखी तासभर सावध राहते. 'गस्त घालू नका' असा हुकूम चालत नाही. ती एकदाच करा, झोपण्याआधी अर्धा तास, ठरलेल्या क्रमाने: फाटक, मागचे दार, गॅस. त्यानंतर त्या रात्री कडीला हात लावायचा नाही. जो रात्री चार वेळा उठून बघतो त्याने आधी दोनवर यावे, मग एकावर. कुत्रे भुंकले की उठण्याआधी मनात शंभरपर्यंत मोजावे. बहुतेक वेळा तेवढ्यात ते गप्प होते.

उसाच्या पाण्याचे काय? पंपाची थ्री फेज वीज रात्री एकला आली तर वेळापत्रक कोलमडते. पाण्याची पाळी असलेल्या आठवड्यात उपचार सुरू करू नये. मध्येच पाळी आली तर त्या रात्रीचे पान वहीत वेगळे खुणावावे, हिशेबात धरू नये, आणि सकाळी उठण्याची वेळ फार तर तासभर पुढे न्यावी. जमले तर पाणी मुलाने किंवा वाटेकऱ्याने पाहावे. बँकेत, कारखान्यात गार्ड म्हणून रात्रपाळी करणाऱ्यांचे दुखणे मोठे. आठवड्याला पाळी बदलत असेल तर हा उपचार नीट चालतच नाही. निदान सहा-आठ आठवडे एकच पाळी मागून घ्यावी, सलग रात्रपाळी असली तरी चालेल. घरी आल्यावर खिडकीला जाड गोधडी, फोन घरच्यांकडे, आणि झोपेची वेळ सुट्टीच्या दिवशीही शक्य तितकी तीच.

फौजी कॅन्टीनमधल्या दारूच्या कोट्याबद्दल बोलले की मंडळींना राग येतो, पण बोलणे भाग आहे. रम झोप आणते, ती पहिल्या दोन-तीन तासांची. स्वप्नांची झोप ती पुढे ढकलते, मग दारू उतरताना पहाटे दोन-तीनला ती उसळून येते आणि स्वप्ने जास्त भडक होतात. वहीत दारूचा रकाना ठेवतात तो याचसाठी. दोन आठवड्यांत माणसाला स्वतःच दिसते की कुठल्या रात्री काय झाले. मात्र जो रोज भरपूर पितो त्याने एकाएकी बंद करू नये. थरथर, भास, फिट असा धोका असतो, हे डॉक्टरांच्या देखरेखीत करावे.

गोळ्यांचेही तसेच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेसाठी घेतलेल्या शामक गोळ्या वर्षानुवर्षे चालू असलेली माणसे गल्लीगल्लीत सापडतील. युद्धाघात असलेल्यांना या गोळ्या देऊ नयेत, असे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या २०१७ आणि २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शनात स्पष्ट आहे. हे वाचून कुणी उद्याच पाकीट फेकून देऊ नये. आधी गोळीचा डोस रोज सारखा आणि एकाच वेळी ठेवून वहीचा उपचार सुरू करावा, झोप सुधारली की डॉक्टरांनी दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कमी करत न्यावे. घाई केली की झोप उडते आणि 'बघा, गोळीशिवाय होत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

वाईट स्वप्नांसाठी वेगळी पद्धत आहे, जागेपणी स्वप्न बदलून त्याचा सराव करण्याची. बॅरी क्रॅको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेला तिचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि निकाल चांगले होते. सैनिकांत निकाल इतके ठसठशीत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांवरच्या २०१० च्या अभ्यासात ही पद्धत दुसऱ्या साध्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही, आणि २०१९ मध्ये इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्यांवरच्या अभ्यासात झोपेच्या उपचाराला तिची जोड दिल्याने वेगळा फायदा दिसला नाही. दोन्ही गट सुधारले. म्हणून आमचे मत असे की आधी वही आणि अंथरुणाची शिस्त लावावी, चार-सहा आठवड्यांनंतरही ज्याची स्वप्ने उरतील त्याला ही पद्धत द्यावी.

ती करायची कशी? सर्वांत भयंकर स्वप्न आधी घ्यायचे नाही, मधल्या तीव्रतेचे घ्यायचे. दिवसा, उजेडात, आपल्या बोलीत, कागदावर एक पान लिहायचे: पुढची गाडी उडाली, वायरलेस लागत नाही, पाय उचलत नाहीत. मग त्यात हवा तसा बदल करून नवे स्वप्न लिहायचे. इथे दोन चुका हमखास होतात. एक, बदल म्हणून सूड लिहिला जातो: मी उठलो, सगळ्यांना उडवले. त्याने हिंसा वाढते, स्वप्न शमत नाही. दुसरी जास्त नाजूक. जो साथीदार खरोखर गेला त्याला स्वप्नात वाचवणे म्हणजे त्याच्याशी बेइमानी, असे माणसाला वाटते आणि तो वही मिटतो. त्याला वाचवायची गरजच नाही. बदल लहान चालतो. वायरलेस लागला, पलीकडून ओळखीचा आवाज आला, धुके विरळ झाले, पाय उचलला. आठवण आहे तशीच राहते, बदलतो तो फक्त रात्रीचा देखावा. जुने पान बाजूला ठेवून नवे स्वप्न रोज दहा ते वीस मिनिटे डोळ्यांसमोर आणायचे. सराव अंथरुणावर पडून करू नये. आठवड्याला दोनपेक्षा जास्त स्वप्ने हातात घेऊ नयेत. नवे स्वप्न जसेच्या तसे पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. जुने कमी वेळा येणे, मध्येच तुटणे, जाग आल्यावर छाती लवकर शांत होणे, ही प्रगती. चार रात्रींत फरक नाही म्हणून सोडणारे फार असतात, दोन-तीन आठवडे तरी द्यावेत. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा लिहिताना माणूस भान हरपत असेल, तर हे एकट्याने करायचे काम नाही.

स्वप्नांसाठी प्राझोसिन नावाची गोळीही देतात. २०१८ मध्ये ३०४ अमेरिकी माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा वरचढ ठरली नाही, तरी काहींना उपयोग होतो म्हणून डॉक्टर ती वापरतात. साठीनंतरच्या माणसाला रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी आधीच चालू असते, त्यात ही पडली की रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका. सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवाव्यात, आणि उठताना आधी दोन मिनिटे बसावे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. स्वप्नात ओरडणाऱ्या फौजीला हलवून उठवू नका, हात बसतो. पायाकडे, हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहा, दिवा लावा आणि साध्या आवाजात बोला: "अहो, तुम्ही घरी आहात, गावात आहात, मी बोलतेय." सून असेल तर "मामा" म्हणून हाक, नातवाला पुढे करू नका. दुसरी गोष्ट बंदुकीची. गार्डच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक अनेक घरांत आहे. ती उशाशी नको. बंदूक कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि झोप बिघडलेली असेपर्यंत दोन्ही किल्ल्या दुसऱ्याकडे. निद्रानाश आणि दुःस्वप्ने ही आत्महत्येच्या धोक्याशी जोडलेली आहेत, आणि पहाटे दोनचा माणूस सकाळी दहाचा नसतो.

मिळते काय सध्या? ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून संलग्न रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची योजना कर्नाटकात आहे. धारवाडला डिमहॅन्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. १४४१६ हा टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) फोन मोफत आहे आणि मराठी निवडता येते. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. तज्ज्ञ मिळतात, औषधे मिळतात. सहा आठवडे वही तपासून पंधरा मिनिटांचा हिशेब करणारे माणूस मात्र मिळत नाही.

त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. ब्रिटनमध्ये ६४२ रुग्णांवरचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात नेहमीच्या दवाखान्यातल्या नर्सनी, थोडे प्रशिक्षण घेऊन, चार सत्रांत अंथरुणावरचा वेळ आखून दिला आणि गुण आला. ते रुग्ण सैनिक नव्हते, हे खरे. पण वहीचा हिशेब दोघांना सारखाच.

म्हणून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या शहरात आमची मागणी छोटी आहे. पॉलिक्लिनिकमध्ये रक्तदाब मोजतानाच दोन प्रश्न विचारावेत: आठवड्यात किती रात्री झोप येत नाही, आणि किती रात्री स्वप्नाने जाग येते. तीन किंवा जास्त उत्तर आले की सात प्रश्नांची निद्रानाश मोजणारी पत्रिका भरून घ्यावी. २८ पैकी १५ किंवा जास्त गुण आले तर वही द्यावी. पत्रिका आणि वही मराठीत आणि कन्नडमध्ये छापलेली हवी. एका नर्सला किंवा समुपदेशकाला डिमहॅन्समधून प्रशिक्षण द्यावे. एक थोडक्यातली पद्धत अशीही आहे की दोन भेटी दवाखान्यात आणि दोन वेळा फोनवर. पहिल्या भेटीत पाऊण-एक तास, आठवड्याने वीस मिनिटांचा फोन, पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची दुसरी भेट, तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. म्हणजे कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला महिन्यात दोनदाच बस धरावी लागेल.

आपले,
माजी सैनिकांच्या झोपेच्या तक्रारींवर काम करणारे दोघे मानसोपचार कार्यकर्ते,
बेळगाव